साच्यात अडकलेली कमळं



गेल्या वेळी मी उन्हाळ्यातल्या सांडग्यांवर लिहिलं होतं. त्यानंतर तिघीचौघींनी फोन करून विचारलं, "काकू, तुम्ही घरी साबण करता म्हणे, आमचा तर साच्यातून निघतच नाही, काय करायचं?" फोनवर प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहावं म्हटलं. पण हे सांगायचं तर मागच्या चातुर्मासात माझी झालेली फजितीही सांगावी लागेल. तेव्हा चहा घेऊनच बसा.

आमच्या सूनबाईंनी गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाचे दहा उपवास करायचं ठरवलं. आषाढी अष्टाह्निकेत देवळातून आल्यावर तिनं हे सांगितलं, आणि लगेच पुढचंही बोलली, "आई, पारण्याला येणाऱ्या बायकांना स्टीलची वाटी नको. प्रत्येकीकडे पन्नास वाट्या पडून आहेत. तुमचा साबण द्या ना." मला काय, हुरूपच चढला. बारा-तेरा वर्षं घरापुरता साबण करते आहे. कुणीतरी तो चारचौघीत द्यावा म्हणतंय, तेही सून!

साधी आयताकृती वडी वाण म्हणून काय द्यायची, म्हणून मी कमळाचे साचे मागवले. कडक, पारदर्शक प्लास्टिकचे, एका पट्टीत सहा कमळं, अशा आठ पट्ट्या. अठ्ठेचाळीस कमळं होणार होती. आम्हाला चाळीस हवी होती, आठ मोडतोडीला. हिशोब बरोबर होता. मी बी.कॉम. आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतर ती पदवी कुठं वापरली असेन तर साबणाच्या वहीत. तारीख, तिथी, तेलं, सोडा, पाणी, खर्च, सगळं लिहून ठेवते.

त्या दिवशीची नोंद अशी आहे: आषाढ वद्य द्वितीया. शेंगतेल १२०० ग्रॅम, खोबरेल ६०० ग्रॅम, एरंडेल २०० ग्रॅम. कॉस्टिक सोडा २८५ ग्रॅम. पाणी ७६० ग्रॅम, गाळून. शेंगतेल इतकं का, तर घाण्यावरून काढून आणलेला डबा अर्धा उरला होता आणि त्याला वास लागायच्या आत संपवायचा होता. काटकसर केली मी. पुढचं सगळं रामायण त्या काटकसरीतूनच झालं.

ज्यांनी साबण कधी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोड्याचं पाणी तेलात घालून घोटत राहिलं की तेलाचा साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. मिश्रण पातळ बेसनाच्या पिठल्यासारखं झालं, चमच्यातून पडलेली धार वर उमटून दिसायला लागली, की साच्यात ओतायचं. प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो. शंभर ग्रॅम खोबरेलाला सव्वाअठरा-साडेअठरा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगतेलाला साडेतेरा-चौदाच्या आत. ते अंदाजपंचे चालत नाही, ग्रॅमचा काटा लागतोच. मी एकूण हिशोबापेक्षा पाच टक्के सोडा कमी घालते, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच राहतं आणि कातडी ओढत नाही. आणि हात जोडून सांगते, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा ते खातो आणि वायू सुटतो. स्टीलचं भांडं, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, उघडी खिडकी, आणि लहान मुलं घराबाहेर. साबणाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाहीत. माझी मागच्या पडवीत वेगळ्या फळीवर असतात.

ओतलं, पट्ट्या पडवीत ओळीनं मांडल्या आणि झोपले.

सकाळी उठून पाहते तो एका कमळात दोन काळ्या मुंग्या. झाकायला विसरले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा. पावसाळ्यात मुंगी, चिलट, पाखरू किती असतं हे काय मला कुणी सांगायला हवं? तिथंच उभी राहून नऊ वेळा णमोकार म्हटला, पण मन काही थाऱ्यावर आलं नाही. आत्ती मागून आल्याच. आमच्या सासूबाई, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, कान थोडे कमी, डोळे तीक्ष्ण. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चातुर्मासात कशाला गं हा आरंभ?"

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटवली, झाडलं, दळलं, की आरंभी हिंसा आलीच. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, पण यत्नाचार तरी पाळायचा. मी तेवढाही पाळला नव्हता. एक साधी जाळी टाकायची होती. तेव्हापासून मच्छरदाणीच्या कापडाच्या दोन चौकटी शिवून ठेवल्यात. साबण करणाऱ्या प्रत्येकीनं हे आधी करावं, साचे नंतर आणावेत.

आता साच्यांकडे येते. दुसऱ्या दिवशी बोटानं दाबलं तर कमळ मऊ. म्हटलं, पावसाळी हवा आहे, राहू दे. तिसऱ्या दिवशी वरून कोरडं वाटलं म्हणून पट्टी उलटी केली आणि मागून अंगठ्यानं दाबली. देठाकडचा गोळा हातात आला आणि पाकळ्या साच्यातच राहिल्या. दुसरं काढलं, तेच. तिसऱ्याचं अर्धं आलं. सुरीच्या टोकानं एक उकरलं तर साबणही गेला आणि साच्यावर ओरखडा पडला. साच्यावर एकदा ओरखडा पडला की पुढचा प्रत्येक साबण नेमका तिथंच धरतो, हेही लक्षात ठेवा.

मग मी उपाय करायला लागले. कुल्फीचा साचा कोमट पाण्यात धरला की कुल्फी सुटते, म्हणून एक पट्टी कोमट पाण्यात धरली. पाकळ्या आणखी मऊ झाल्या, लोण्यासारख्या. बाजारात तयार पारदर्शक ग्लिसरीन साबणाच्या लाद्या मिळतात, त्या वितळवून साच्यात ओतलेल्या असतील तर एखादेवेळी गरम पाण्यानं पृष्ठभाग सुटतो. सोड्याच्या साबणाला ते चालत नाही.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "फ्रीजरमध्ये ठेव की तीन-चार तास. दगडासारखा होतो आणि टपकन् पडतो." हा उपाय खरा आहे, मीही पूर्वी एकदा केला होता. थंडीनं मऊ साबण घट्ट होतो आणि थोडा आकसतो, बाहेर काढून दहा मिनिटं पालथा ठेवला की सुटतो. वर पाण्याचे थेंब जमतात, ते पुसायचे नाहीत, पंख्याखाली वाळू द्यायचे. पण आमच्या गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता आणि आमच्या घरी चौका लागत होता. फ्रिज स्वयंपाकघरात. चौक्यातलं काही फ्रिजमध्ये जात नाही हे खरं, पण जिथं आहाराची सोय चाललीय त्या खोलीत मी कॉस्टिकच्या पट्ट्या घेऊन ये-जा करू? आत्तींना विचारलंही नाही. काही प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर माहीत असतं.

आणि हो, मला सगळीकडून एक सल्ला मिळत होता: साबण कडक करायला मधमाशांचं मेण घाला. कुठं मध घाला, कुठं बकरीचं दूध घाला. आपल्याला मध आणि मेण चालत नाही, ते सोडून बोला म्हटलं. बाजारातले साबण घेतानाही मी वेष्टन उलटून वाचते. सोडियम पामेट म्हणजे पाम तेलाचा, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा, आणि सोडियम टॅलोवेट असं लिहिलं असेल तर तो प्राण्याच्या चरबीचा. हल्ली बऱ्याच साबणांवर हिरवा ठिपका असतो म्हणून वाचायचा कंटाळा करू नका.

इथं जरा मागं जाते. मी १९८१ साली लग्न होऊन या घरात आले. माझ्या आईनं ट्रंकेत इतर गोष्टींबरोबर सहा साबणांचा डबा दिला होता. भारीतला. आई तो स्वतः कधी वापरायची नाही. मी पण तो पुरवून पुरवून वापरत होते, सणावारी. १९८३ साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ सापडल्याचं प्रकरण देशभर गाजलं, तुमच्यातल्या वयानं मोठ्या असतील त्यांना आठवत असेल. आमच्या घरातून वनस्पती तुपाचा डबा गेला तो गेलाच. पण आत्ती तेवढ्यावर थांबल्या नाहीत. साबणात चरबी वापरणं ही तर त्या धंद्यातली जुनीच रीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी न्हाणीघरातला, माडीवरचा, कपाटातला, सगळा साबण गोळा केला आणि परड्यात खड्डा काढून पुरला. त्यात माझ्या डब्यातल्या उरलेल्या दोन वड्या होत्या. मला विचारलं नाही. त्या वर्षी माघात माझी आई गेली होती.

मग कित्येक वर्षं डाळीचं पीठ, रिठा आणि शिकेकाई. मी पदवीधर मुलगी, डोळ्यांत पीठ जातंय म्हणून न्हाणीत रडायचे आणि बाहेर येऊन पीठ गेलं म्हणून सांगायचे. आत्तींचं तत्त्व चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. विचारलं असतं तर मीच आणून दिल्या असत्या त्या वड्या. पण विचारायला हवं होतं, हे मनातून गेलं नाही. मी बोलले मात्र कधीच नाही. घरी साबण करायला शिकले तेव्हा पहिली वडी आत्तींनाच दिली. त्यांनी वास घेतला, "खोबरेलाचा?" एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला लागल्या. त्या वडीत माझी किती वर्षांची गाठ होती ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

तर असो. साच्यांकडे.

आठव्या दिवशी पट्ट्या उजेडाकडे धरून पाहिल्या तेव्हा एक गोष्ट कळली. साचा पारदर्शक असेल तर ही खूण फार उपयोगी आहे. साबण जिथं प्लास्टिकपासून सुटलेला असतो तिथं मध्ये हवा शिरते आणि मागून चंदेरी, फिक्कट ठिपका दिसतो. जिथं चिकटलेला असतो तिथं गडद, ओला दिसतो. माझ्या कमळांच्या मध्यावर ठिपके दिसत होते, पाकळ्यांच्या टोकांना नव्हते. म्हणजे दोष माझ्या दाबण्याचा होता. मी मधोमध दाबत होते. कडक साच्यात साबण घट्ट बसलेला असतो, आत हवा जायला वाट नसते, म्हणून तो ओढून धरल्यासारखा बसतो. आधी साच्याच्या कडा दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला हलक्या ताणायच्या, चारी बाजूंनी, हवा आत जाऊ द्यायची. चंदेरी रंग कडेपर्यंत पसरलेला दिसला की मगच मागून दाबायचं. अशी मी अकरा कमळं अख्खी काढली. बाकीची सदतीस पाकळी-दोन पाकळ्या गमावूनच आली. काही तर कमळ होतं हे सांगावं लागलं असतं.

त्या रात्री वही घेऊन बसले. एकेक नोंद तपासली, जशी ताळेबंदात चूक शोधतात तशी. पहिली चूक शेंगतेल. त्याचा साबण मऊ होतो, घट्ट व्हायला वेळ घेतो. दुसरी चूक पाणी, तेलाच्या अडतीस टक्के, पावसाळ्यात हे फार. तिसरी, साच्याला मी खोबरेलाचं बोट फिरवलं होतं. ताटाला तूप लावून वड्या थापायची सवय! पण ओतलेल्या मिश्रणात सोडा अजून जिवंत असतो, तो त्या खोबरेलाचाही साबण करतो आणि साबणानं साबण डकवला जातो. साच्याला काही लावायचंच असेल तर औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते अगदी पुसट लावावं, त्याचा साबण होत नाही. आणि चौथी गोष्ट मला उशिरा सुचली: आकार. ओतल्यावर साबण आतून स्वतःच तापतो, आणि ती ऊब टिकली तर मधला भाग व्हॅसलीनसारखा पारदर्शक होऊन मग लवकर घट्ट होतो. साठ ग्रॅमच्या कमळात ऊब कुठून टिकणार? सहा कमळांची पट्टी तासाभरात थंडगार. मोठ्या डब्यात तोच साबण रात्रभर गरम राहतो.

पारण्याला दीड महिना उरला होता. साबण कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो, म्हणजे तो कडक होतो आणि न्हाणीत लगेच विरघळत नाही. तेव्हा आता केला तरच. नाहीतर स्टीलच्या वाट्या.

सकाळी आत्ती पडवीत आल्या. माझ्यासमोर फुटक्या कमळांची परात होती. एक तुकडा उचलून त्यांनी नळाखाली हात धुतले. फेस आला. म्हणाल्या, "तुकड्यानं हात धुवून निघत न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "आत्ती, वाण द्यायचं आहे." त्या म्हणाल्या, "मग कमळ कशाला? पद्मप्रभ भगवंतांचं लांछन ते. बायका न्हाणीत नेऊन अंगाला घासणार, झिजवणार, गटारीत घालवणार." मी गप्पच झाले. हे मला सुचलं कसं नाही? लांछन वेगळं आणि फूल वेगळं, असा वाद घालता आला असता. पण मग मनात आलं, कलश, स्वस्तिक यांचेही साचे मिळतात, ते मी घेतले नसते. मग कमळ का घेतलं? सुंदर दिसतं म्हणून.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गूळ कसा काढतात बघितलायस का कधी?" आत्तींचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. रस आटून काकवीच्या पुढं गेला की वाफ्यात ओतायचा, घोटायचा, आणि गार होत आला की बादलीत भरायचा. पण बादलीला आधी ओलं कापड घालायचं. गूळ घट्ट झाला की कापडाची टोकं धरून अख्खी ढेप बाहेर. "बादलीला गूळ लागतच न्हाई तर निघायचा प्रश्न कुठं येतो?" असं म्हणून त्या जपाला बसल्या.

श्रावण शुद्ध प्रतिपदेला पुन्हा साबण लावला. या वेळी खोबरेल १ किलो, शेंगतेल अर्धा किलो, एरंडेल २०० ग्रॅम आणि भिरंडेल ३०० ग्रॅम. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थंड हवेत मेणासारखं घट्ट असतं, कोकणात पायाच्या भेगांना लावतात. त्याचे लांबट गोळे माझ्या मावसबहिणीनं सावंतवाडीहून पाठवले होते, दोन वर्षं पडून होते. लोक मधमाशांचं मेण ज्यासाठी घालतात ते काम हे आपलं कोकणातलं झाड करतं. सोडा ३०२ ग्रॅम. पाणी ७६० वरून ६०० वर आणलं. त्यात सोड्याच्या आधी चार चहाचे चमचे मीठ विरघळवलं, अर्धा किलो तेलाला एक चमचा असा हिशोब. मिठानं साबण लवकर कडक होतो. फार घातलं तर कापताना भुगा पडतो. ज्यांची कातडी फार कोरडी आहे त्यांनी खोबरेल थोडं कमी करावं, पण तेल बदललं की सोडा नव्यानं मोजायचा, माझा आकडा तसाच उचलायचा नाही.

दोन मोठे प्लास्टिकचे डबे घेतले, पेढ्यांचे, आयताकृती. एकाला आत बटर पेपर बसवला, दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर ठेवून. दुसऱ्याला, आत्तींच्या शब्दाखातर, जुन्या मलमलीचा धुतलेला तुकडा ओला करून, पिळून. ओतलं, झाकण लावलं, वरून जाळीची चौकट, त्यावर गोधडी. रात्री दोनदा उठून हात लावून पाहिला, डबे तान्ह्या बाळासारखे ऊबदार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकं धरून उचललं. कागदाचा डबा सरळ वर आला, कागद सोलला, गुळगुळीत लादी. मलमलीचाही आला, पण कापड साबणात थोडं रुतलं होतं. कडेनं ओढलं तर साबण ओढला जायला लागला, मग कापड ओलं करत करत हळूहळू सोडवलं. त्याच्या अंगावर विणीची बारीक नक्षी उठली होती. सूनबाई म्हणाली, "आई, हीच छान दिसते, कमळापेक्षा." आत्तींना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असेल.

सुरीनं वड्या पाडल्या. दोन्ही डबे मिळून पंचेचाळीस झाल्या. फळीवर सुट्या मांडून साडेपाच-सहा आठवडे वाळवल्या, दर चार दिवसांनी उलटत, पावसाळ्यात पंखा लावून. फुटक्या कमळांचं काय केलं विचाराल, तर थोडी खिसून, किंचित पाणी घालून, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवली आणि साध्या डब्यात दाबून बसवली. दिसायला ओबडधोबड, पण कपड्यांच्या कॉलरना उत्तम. ज्या कमळात मुंग्या होत्या ते वापरलं नाही, परड्यात पुरलं.

सूनबाईंचे दहाही उपवास निर्विघ्न झाले. आठव्या दिवशी तिला फार थकवा आला होता, मी घाबरले होते, पण ती म्हणाली फक्त बोलायला नको वाटतंय. अनंत चतुर्दशीनंतरच्या पौर्णिमेला पारणं. बायका आल्या, मुगाचं पाणी झालं, गाणी झाली, मी प्रत्येकीच्या हातात कागदात गुंडाळलेली वडी दिली. दोघींनी तिथंच वास घेऊन पाहिला. चाळीस गेल्या, पाच उरल्या.

रात्री आवराआवर करून आत्तींच्या खोलीत गेले तर त्या जाग्या होत्या. उशाजवळच्या फळीवर एक फुटकं कमळ ठेवलेलं दिसलं, एक पाकळी नसलेलं. कधी नेलं कोण जाणे. मी पाय दाबायला बसले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तुझ्या आईनं दिल्यालं साबण कसल्या वासाचं होतं गं?"

मला क्षणभर कळेचना कुठला साबण. मग कळलं. म्हटलं, "केवड्याचा. हिरवट होता रंग."

"मला वाटलं चंदन," त्या म्हणाल्या. "खड्ड्यात टाकताना वास आला होता." मग थोडं थांबून, "तुला केवडा घालता येतो का त्यात?"

म्हटलं, "बघते."

केवड्याचा अर्क मिळतो. पण फुलांचे वास घातले की कधी कधी मिश्रण घोटता घोटता एकदम घट्ट होतं, साच्यात ओतायलाही वेळ देत नाही, म्हणून आधी पाव किलो तेलाचाच करून बघणार आहे. श्रीखंडाच्या छोट्या डब्यात, बटर पेपर घालून. चातुर्मास संपल्यावर.